चार फ्लॉप्या आणि एक घागर

शालिग्राम वना पाटील खुर्चीवर बसला की खुर्चीला विसावा नसे. एक पाय सतत हलता, बोटं टेबलावर वाजती आणि डोळे दाराकडे. कुणी हाक मारायचाच अवकाश, की हा निघाला. आईबापांनी नाव ठेवलं होतं शालिग्राम. देव्हाऱ्यात ठेवाल तिथे वर्षानुवर्षं गप्प बसून राहणारा देव तो. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज इतका साफ चुकल्याचं उदाहरण अख्ख्या खानदेशात दुसरं सापडायचं नाही.

गाव धुळ्यापासून अकरा मैलांवर, नोकरी जळगावात. लीलाधर चौधरींचं कॉम्प्युटरचं दुकान कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं आणि त्यातल्या आतल्या खोलीत शालिग्राम बसायचा, म्हणजे मघाशी सांगितलं तसं बसायचा. साल ब्याण्णव. त्या वेळी कॉम्प्युटर म्हटला की लोकांना डॉस ठाऊक. लीलाधरभाऊंनी मात्र तालुक्यांच्या सोसायट्यांना झेनिक्स नावाची वेगळीच सिस्टिम घालून दिली होती. तिचा फायदा एकच, पण मोठा. एका मशीनला चार टर्मिनलं जोडली की चार कारकून एकदम काम करू शकत. तोटाही एकच आणि तोही तितकाच मोठा. तिच्यातलं काही समजणारा माणूस जळगाव आणि धुळे जिल्हा मिळून एकच होता आणि तो म्हणजे हा.

याने तिच्यासाठी केळीच्या पाळीचा प्रोग्रॅम लिहिला होता. यावल-रावेरकडची केळी रेल्वेच्या वॅगनींनी दिल्लीकडे जायची. कुणाचा माल कोणत्या दिवशी कोणत्या वॅगनीत, हे सोसायटी ठरवायची. पाळी आली की शेतकरी घड कापायचा, आणि एकदा कापलेला घड मे महिन्याच्या उन्हात कुणासाठी थांबत नाही. यादीत एक नाव खालीवर झालं तरी सोसायटीच्या दारात गाड्या आडव्या लागत, आणि मग ज्या शिव्या निघत त्या कॉम्प्युटरलाही समजाव्यात इतक्या स्वच्छ असत. शालिग्रामच्या प्रोग्रॅमने ही भांडणं पुष्कळ कमी केली होती. ते श्रेय त्याचंच.

पण प्रोग्रॅम कुठे बसवायचा, बदलायचा म्हटलं की हा स्वतः जायचा. चोपडा, यावल, रावेर, शहादा. एस.टी.च्या खिडकीशी बसून, मांडीवर पिशवी धरून. तिथे पोचला की टर्मिनलसमोर बसून सगळं पाठ असल्यासारखं टाइप करत सुटायचा. काय करतो हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही आणि कळावं अशी त्याची खटपटही नसायची. “शालिग्रामभाऊ, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही,” असं कुणी म्हटलं की तो तोंडाने “कसचं, कसचं” म्हणायचा आणि मनातून फुलायचा. माणसाला लागणाऱ्या वाईट सवयींत ही फार वाईट, कारण ती लागली आहे हे घरच्यांना आधी कळतं.

त्याच वर्षीच्या पौषात तो चोपड्याला एका जिनिंग सोसायटीत बसला होता. दुपारी दीडच्या सुमाराला जळगावच्या ऑफिसातून तिथे फोन आला. तिथला कारकून येऊन म्हणाला, “गावाकडून निरोप आहे. वडिलांचं बरं नाही. लगेच निघा.” शालिग्राम स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, “फक्त अर्धा तास. हे एवढं उरकतो नि निघालोच.”

ते एवढं उरकायला साडेपाच वाजले. अमळनेरची गाडी गेली होती. मिळेल त्या ट्रकने, मिळेल त्या फाट्यावर उतरत तो सकाळी गावात पोचला तेव्हा वनाआबांची राख सावडायचं बोलणं चाललं होतं. माणसांनी दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली होती. मग चुलतभावाने, सुकदेवने, अग्नी दिला. आई, मंजुळाबाई, काही बोलली नाही. तिने फक्त चुलीवरचं पाणी उतरवून त्याच्या अंघोळीची बादली भरली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं शालिग्रामला पुढे कित्येकदा वाटलं.

चैत्राच्या सुरुवातीला आई स्वतः जळगावला आली, दोन दिवस राहिली आणि निघताना स्टँडवर एवढंच म्हणाली, “आखाजीले येजो. तुना बापनी पहिली घागर शे. ती तुनाच हातनी भराले पाहिजे.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. दिवाळीपेक्षा खानदेशात तिचा थाट जास्त. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची, वर खरबूज न् आंबे ठेवायचे, आगारी टाकायची, म्हणजे निखाऱ्यावर नैवेद्याचा घास सोडायचा, आणि मग घरच्यांनी जेवायचं. वर्षाच्या आत गेलेल्याची पहिली घागर थोरल्या मुलाने भरायची. अग्नी द्यायचा हात हुकला होता. हा एक हात उरला होता.

“येसु,” शालिग्राम म्हणाला. “काही झालं तरी येसु.”

आणि दुसऱ्याच दिवशी यावलहून फोन. केळी आता वॅगनींबरोबर ट्रकनेही जाऊ लागली होती, म्हणून यावलच्या सोसायटीला नवा प्रोग्रॅम हवा होता. चेअरमन जीवराम आबांनी मुहूर्तही काढून ठेवला होता. आखाजी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. साडेतीन मुहूर्तांतला एक. शेतावरच्या सालदाराचं साल त्याच दिवशी सुरू होतं, मग सोसायटीचं नवं काम दुसऱ्या दिवशी का करायचं? लीलाधरभाऊंनी आठ दिवस अलीकडे-पलीकडे करून पाहिलं. आबा बधले नाहीत.

शालिग्रामने त्या दिवशी पायाने टेबलाचा खिळा ढिला केला. मग उठला, खाली जाऊन चहा न पिता परत आला आणि म्हणाला, “भाऊ, मी जाणार नाही. प्रोग्रॅम जाईल.”

“म्हणजे?”

“फ्लॉप्यांवर भरून पाठवतो. भागाबाई घालतील. फ्लॉपी घातली, एक शब्द टाइप केला, की बाकी सगळं आपोआप. माझ्याशिवाय चाललं पाहिजे.”

लीलाधरभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. बाजारात डॉसचे प्रोग्रॅम असे खोक्यातून येत, हे त्यांना माहीत होतं. पण झेनिक्ससाठी असं पॅकेज आपल्या वरच्या मजल्यावर तयार होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. शालिग्रामच्याही नव्हतं. त्याच्याकडे एक झेरॉक्स काढलेलं मॅन्युअल होतं, त्यातली पॅकेज कसं बांधावं याची चार पानं नेमकी काळी उमटली होती.

मग सुरू झालं. त्याने एका फुलस्केपवर यादी केली: प्रोग्रॅमला काय काय लागतं? स्वतः प्रोग्रॅम. त्याच्या छापायच्या नमुन्यांच्या फाइली. गावांची नावं. प्रिंटरची ओळख. यादी दीड पानावर गेली. त्याला वाटलं, झालं. सगळं दोन फ्लॉप्यांवर उतरवलं, आपल्याच मशीनवर बसवून पाहिलं आणि ते पहिल्या झटक्यात चाललं. लीलाधरभाऊंनी जिलेबी मागवली.

जिलेबी येईपर्यंतच शालिग्राम खुर्चीतून उठला. आपल्या मशीनवर चालणारच की! तिथे सगळं आधीपासून होतंच. बाहेरच्या खोलीत एक नवं मशीन शहाद्याला जायचं पडलं होतं. कोरं, फक्त झेनिक्स घातलेलं. त्याच्यावर फ्लॉप्या घातल्या. प्रोग्रॅम उठला, एक ओळ छापली आणि पडला.

का, तर तो शालिग्रामच्या घराचा पत्ता शोधत होता. मशीनमध्ये शालिग्रामने स्वतःच्या नावाचा एक कप्पा केला होता आणि तीन वर्षांत गडबडीच्या वेळी जे हाताला लागलं ते त्यातच टाकलं होतं. प्रोग्रॅमात चौदा ठिकाणी तो कप्पा लिहिलेला सापडला. चौदा ठिकाणी आपणच! त्याने एकेक जागा काढून टाकली. मग फाइल असूनही उघडेना, कारण ती उघडायची मुभा फक्त शालिग्रामला दिलेली होती, भागाबाईंना नव्हती. मग ती मुभा. मग प्रिंटर. प्रत्येक वेळी कोरं मशीन पुन्हा कोरं करायचं, झेनिक्स घालायचं, तासभर थांबायचं आणि पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून. या थांबण्यानेच तो अर्धा झाला. जेवताना लता, त्याची बायको, वाढत असायची आणि हा ताटाशेजारी बोटाने काहीतरी लिहीत असायचा. “अहो, भाजी कशी झालीय?” असं तिने विचारलं तर “दुसऱ्या फ्लॉपीवर टाकतो” असं उत्तर आलं. तिने ते उत्तर शेजारणींना सांगितलं, आणि ते खरं होतं.

दोनच्या चार फ्लॉप्या झाल्या. स्क्रीनवरचे प्रश्न त्याने रोमन अक्षरांत पण मराठीत लिहिले, कारण यावलच्या भागाबाई अकरावी मॅट्रिक होत्या आणि इंग्रजी वाचता येत असलं तरी घाईत वाचायला त्यांना आवडायचं नाही. प्रश्न तीनच. सोसायटीचं नाव हेच का? प्रिंटर जोडला आहे का? आणि तिसरा: जुनी यादी कोरी करू का? हो असेल तर एच दाबायचा, नाही असेल तर एन.

हा तिसरा प्रश्न शहाद्यासाठी होता. तिथे सरावासाठी खोटी नावं भरलेली होती, ती पुसायला हवी होती. यावलला मात्र हंगामाची खरी यादी होती, साडेतीनशे शेतकऱ्यांच्या पाळ्यांची. तिथे एन.

रविवारी त्याने लताला ऑफिसात आणलं. ज्याला काही येत नाही त्याला जमलं तर भागाबाईंना जमेलच, असा हिशेब. तिला तो हिशेब सांगायची काही गरज नव्हती, पण त्याने सांगितला. ती खुर्चीत बसली. हा मागे उभा.

“आता पहिली—”

“लिहिलंय इथे. वाचते मी.”

“हां, पण दार नीट लाव फ्लॉपीचं. तसं नाही, ते—”

“अहो, यावलला तुम्ही असणार आहात का माझ्या मानगुटीशी?”

तो गप्प बसला. अर्धा मिनिट. मग तिने त्याला चक्क जिन्यात पाठवलं आणि आतून कडी लावली. तो जिन्यात वरून खाली, खालून वर करत राहिला. वीस मिनिटांनी कडी निघाली. लता म्हणाली, “चौथी घालून दहा मिनिटं झाली. तेव्हापासून नुसतं थांबा, थांबा लिहून आलंय. थांबू किती?”

काम कधीच झालेलं होतं. झालं म्हणून सांगायचंच तो विसरला होता. कसं सुचणार? त्याला स्वतःला ते कधी कुणी सांगावं लागलं नव्हतं. त्याने शेवटी एक ओळ घातली: काम झाले, आता चहा घ्या. लताला ती ओळ आवडली. पण उठता उठता ती म्हणाली, “तो तिसरा प्रश्न कशाला ठेवलाय? यावलला नाहीच म्हणायचंय, तर विचारायचं कशाला?”

“विचारावं लागतं. तुला नाही कळायचं.”

“बरं,” ती म्हणाली. तिला कळलं होतं. कळलं नव्हतं ते याला, पण त्याला अजून वेळ आहे.

आखाजीच्या तीन दिवस आधी फ्लॉप्या निघाल्या. एक संच सकाळच्या यावल गाडीने, दुसरा दुपारच्या. एक बिघडला तर दुसरा असावा. उन्हात फ्लॉपी पापडासारखी वाकते, म्हणून त्याने त्या स्टीलच्या डब्यात घालून, वर वर्तमानपत्राच्या सहा घड्या गुंडाळून, त्याच्यावर ठळक लिहिलं: बॉनेटवर ठेवू नये. एस.टी.त पार्सल दिलं की ड्रायव्हर ते सवयीने आपल्या शेजारच्या इंजिनाच्या बॉनेटवर ठेवतो आणि तिथे तर भाकरी भाजता येते. कंडक्टरने वाचलं, मान डोलावली आणि डबा बॉनेटवरच ठेवला. शालिग्राम खिडकीखाली उभा राहून ओरडला. कंडक्टरने डबा उचलून आपल्या सीटखाली सरकवला. गाडी निघाली तरी हा स्टँडच्या फाटकापर्यंत बरोबर चालत गेला. डब्यात एक चिठ्ठीही होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तिसऱ्या प्रश्नाला एन, असं तिच्यात स्पष्ट होतं. दोन रेघाही मारल्या होत्या.

संध्याकाळी भागाबाईंचा फोन आला. “डबे पोचले. दोन्ही थंड आहेत.”

“मी येऊन गेलो असतो, पण—”

“काही यायचं नाही. घागर भरा वडिलांची,” भागाबाई म्हणाल्या. त्या विधवा होत्या, बारा वर्षं सोसायटीत कारकुनी करत होत्या आणि जीवराम आबांसारखे तीन चेअरमन त्यांनी पाहिले होते. पण शालिग्रामला त्यांच्याबद्दल तेवढीच माहिती होती जेवढी टर्मिनलवर लागते.

आखाजीच्या आदल्या दिवशी लताला आणि त्याला घेऊन गाडी धुळ्याला पोचली आणि तिथून दोघं गावी आली. गावात झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या, त्यांची गाणी या गल्लीतून त्या गल्लीत. शालिग्रामला लहानपणापासून हा सण सगळ्यांत प्रिय. पण या वेळी त्याचं मन यावलच्या त्या एका खोलीत, जिथे पंखा डावीकडून वाजतो आणि टर्मिनलची तार टेबलाच्या पायाखाली दबते. तार दबली असेल का? हे चिठ्ठीत लिहायचं राहिलं. रात्री तो कुशी बदलत पडला, आणि पहाटे उठून बसला.

सकाळी ओसरीत सारवलेल्या जागी नवी घागर मांडली. कुंभाराकडून आदल्या दिवशी आणलेली, लाल, अजून मातीचा वास येणारी. बाजूला आंबे, खरबूज. आत आई खापरावर मांडे टाकत होती. भाऊबंद जमले. सुकदेव आला आणि खांबाला टेकून बसला. मांडे उतरले की, बाराच्या आत, घागर भरायची होती. शालिग्राम धोतर नेसून पाटावर बसला. समोर पाण्याची कळशी आणि हातात तांब्या. सव्वाअकरा वाजले होते. त्याने तेवढ्यात तीनदा घड्याळ पाहिलं होतं.

सुकदेवच्या बायकोने चहाची बशी पुढे केली. शालिग्रामने लक्ष न देता हात हलवला. “नही, नको.”

आई आतून बाहेर आली होती. तिने ऐकलं. “आज सनना दिन शे भाऊ. आज कसालेच नही म्हनू नही.”

ती साधीच बोलली होती. खानदेशातली कुठलीही आई सणाच्या दिवशी हे दहा वेळा बोलते. पोरांनी दुसरी पोळी नको म्हटलं तरी बोलते. शालिग्रामने चहाची बशी हातात घेतली आणि ती हातातच राहिली.

बारा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त. यावलची खोली माणसांनी भरलेली. मशीनला हळदकुंकू लागलेलं, नारळ फुटलेला. भागाबाई टर्मिनलशी आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून जीवराम आबा, एकेक ओळ मोठ्याने वाचत. सोसायटीचं नाव हेच का? हो. प्रिंटर जोडला आहे का? हो. जुनी यादी कोरी करू का? आणि आबा, सत्तरीचे, धोतराचा सोगा हातात धरलेले आबा, आखाजीच्या मुहूर्तावर, नव्या कामाच्या पहिल्याच घटकेला, नाही म्हणू देतील? चिठ्ठीतल्या दोन रेघा त्यांच्यापुढे काय करणार? साडेतीनशे नावं एका बोटाने जातील. परवा कुणी घड कापायचे, कुणी नाही, हे कुणाला सांगता येणार नाही. आधी यादीची नक्कल काढून घ्यावी, मग प्रश्न विचारावा, ही अक्कल त्याला आत्ता, या पाटावर बसून सुचत होती. पाचवी फ्लॉपी नको म्हणून त्याने ते टाळलं होतं.

लताने बरोबर विचारलं होतं. नाहीच म्हणायचंय तर विचारायचं कशाला?

तो उठला. बशीतला चहा पाटावर सांडला.

“आई, फाटावर जाई येस. फोन करना शे. फक्त अर्धा तास.”

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. चोपड्यालाही हेच म्हटलं होतं, याच आवाजात. आईने वर पाहिलं. लता आतल्या दारात उभी होती, तिने डोळ्यांनी नको म्हटलं. आखाजीच्या दिवशी नको म्हणणारी त्या घरात ती एकटीच.

सुकदेव खांबाजवळून उठला. “मी जास ना. तू बस. नंबर दे, काय सांगानं शे ते सांग.”

काय सांगायचं होतं? तिसऱ्या प्रश्नाला एन दाबा. चार शब्द. सुकदेव सातवी शिकलेला होता, सोसायटीत मतमोजणीला बसायचा, चार शब्द त्याला नीट सांगता आले असते. शालिग्रामला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

“तुले समजाव नही ते.”

आणि सुकदेवचीच सायकल घेऊन तो निघाला.

फाटा पाऊण तासाच्या चालीवर, सायकलने वीस मिनिटं. ऊन असं की डांबर टायरला धरत होतं. धोतर चेनमध्ये अडकलं, फाटलं; त्याने ते तसंच वर खोचलं. फाट्यावर एस.टी.डी.चं नवं बूथ होतं आणि त्याच्यापुढे सणामुळे रांग. सुरतेला गेलेल्या मुलांशी बोलणारे बाप, बडोद्याच्या जावयाला बोलावणाऱ्या सासवा. सगळे मोठ्याने आणि सावकाश. शालिग्राम एकाच्या पुढे गेला, दुसऱ्याने ओढून मागे आणला. “सन सगळासना शे, पाटील,” तो म्हणाला. बूथमधलं घड्याळ बाराला पाच कमी दाखवत होतं. मग बारा. मग बारा दहा. शालिग्राम त्या काचेकडे बघत उभा होता आणि आत त्याच्या डोळ्यांपुढे आबांचं बोट खाली येत होतं.

त्याचा नंबर आला साडेबाराला. यावल लागेना. लागलं तर दुसरीकडेच. चौथ्यांदा घंटी वाजली आणि बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला. भागाबाईच. घाईत असल्या की त्या ऑफिसची भाषा सोडून घरची बोलायच्या.

“भागाबाई, तिसरा प्रश्न! तिसऱ्याला—”

“अहो शालिग्रामभाऊ, ते त कधीचं झालं! साडेदहालेच उरकलं. आबाले जेवाची घाई, म्हने मुहूर्त मी काढला, मीच अलीकडे घेतो.”

“आणि यादी? यादी आहे?”

“आहे ना, कुठी जाते? आत्ता पाहून उठली मी. उद्याच्या तीन वॅगनी छापून बी झाल्या.”

“आबांनी हो म्हणायला नाही लावलं?”

भागाबाई हसल्या. “लावलं ना! आबा म्हने, भागा, आज आखाजी, नही म्हनू नको. मंग मी पेढ्यायचा पुडा त्यायच्या हातात देल्ला. म्हटलं, आबा, पह्यले मानसायले वाटा, तुमच्या हातानं बरं दिसते. ते तिकडे वळले, मी एन दाबलं. तुमची ती चहाची ओळ आली तं सगळे हसले.”

शालिग्रामने बूथमधल्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकराला तो पाटावर बसला होता तेव्हा यावलला पेढे वाटून झाले होते.

“हॅलो? शालिग्रामभाऊ? तुमी घागर भरली ना?”

त्याने फोन ठेवला. बूथवाल्याने हाक मारली तेव्हा त्याला कळलं की आपण बाहेर येऊन सायकलच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत.

येताना त्याला घाई करायला काही कारण नव्हतं, तरी तो जीव तोडून पायडल मारत आला. दीड वाजून गेला होता. ओसरी धुतल्यासारखी मोकळी. भाऊबंद जेवून गेले होते. पलीकडच्या गल्लीत झोक्यावरचं गाणं चालू होतं. लता उंबऱ्याशी उष्टी भांडी गोळा करत होती. तिने त्याच्या फाटलेल्या धोतराकडे पाहिलं आणि भांडी उचलून आत गेली. सुकदेव नव्हता.

आई घागरीजवळ बसली होती. पाट तिथेच होता. चहाचा डाग पुसलेला होता.

“झायं तुनं काम?” तिने विचारलं.

“आधीच झायेल व्हतं,” शालिग्राम म्हणाला. “मी नसताना, मनाबिगर.”

तिने मान हलवली. “बारा वाजी ग्यात. मी भरी दिधी. तुना बापनी वाट नही दखी रे भाऊ.” मग थोडं थांबून, रागाने नाही, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं ती म्हणाली, “त्यास्ले तुनाबिगर चालाडानी सवय शे.”

पौषापासून जे ती बोलली नव्हती ते एवढंच होतं. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली. “ताट झाकी ठेयेल शे. हातपाय धुई ले.” आणि आत गेली.

शालिग्राम पाटावर बसला. कळशीत थोडं पाणी उरलं होतं, तांब्या तिथेच उपडा होता. त्याने तांब्या भरला आणि घागरीवरचं खरबूज दोन्ही हातांनी अलगद बाजूला केलं. निदान एक घोट. निदान नावाला. घागर काठोकाठ भरलेली होती. आईने भरताना जराही कसर ठेवली नव्हती. पाणी मातीच्या काठाला लागून उभं होतं आणि तो जवळ वाकला तेवढ्या हालचालीनेही थरथरलं.

त्यात आणखी एक थेंब मावणार नव्हता. तो तांब्या हातात धरून बसून राहिला. लताने आतून दोनदा जेवायला बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा पाय हलत नव्हता.